डबा की लॅपटॉप

बाल्झान कुणाच्या तरी खालच्या कवळीचं मेण गरम सुरीने तासत होती, तेवढ्यात बापाचा फोन आला. तिने तो खांद्याने कानाशी दाबून धरला.

"बोला, कोके."

"मी विचार केला," तोलेगेन म्हणाले.

बाल्झानने डोळे मिटले. गेला महिनाभर तिच्या बापाचा प्रत्येक फोन याच शब्दांनी सुरू व्हायचा.

"डबाच घेऊ. लॅपटॉप नको."

"काल लॅपटॉप म्हणालात."

"काल म्हणालो होतो."

"आणि परवा डबा."

"म्हणूनच तर विचार करतोय ना, पोरी. घाईघाईत घ्यायची वस्तू आहे का ती?"

सुरी जरा जास्तच आत गेली आणि मेणाच्या हिरडीतून एक दाढ निखळून टेबलाखाली गेली. "कोके, मी कामावर आहे," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि गुडघ्यांवर बसून दाढ शोधायला लागली.

तोलेगेननी सत्तरी ओलांडली होती. सगळी नोकरी कारागांडाच्या कोळशाच्या खाणीत, जमिनीखालची छोटी आगगाडी चालवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक गावाबाहेरच्या तुकड्यात बटाटे लावायला लागले, नाहीतर बर्फात भोकं पाडून मासे धरायला. तोलेगेननी रणगाडे धरले. बायको गेली त्या वर्षी धाकट्या मुलाने, येर्मेकने, त्यांच्या संगणकावर रणगाड्यांच्या लढायांचा खेळ टाकून दिला होता. भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं, एवढाच त्याचा हेतू. पण म्हातारबाबांना तो खेळ असा काही चिकटला की नातेवाइकांकडे जेवायला गेले तरी बेशबर्माकची परात मध्ये येईपर्यंत यांचं लक्ष घड्याळाकडे. मग एके दिवशी ऐन लढाईत संगणकातून जळक्या रबराचा वास आला आणि तो कायमचा गप्प झाला. तेव्हापासून तोलेगेन शेजाऱ्याच्या जुन्या यंत्रावर कसेबसे खेळत होते. त्यात रणगाडा वळायच्या आधीच फुटायचा.

बहीण-भावाने ठरवलं की बापाला वाढदिवसाला नवं यंत्र घेऊन द्यायचं. इतकी साधी गोष्ट. आणि तिथूनच बाल्झानच्या डोक्याला ताप सुरू झाला.

तिचं मत पहिल्यापासून पक्कं होतं. हल्ली गेमिंगचे छोटे पीसी मिळतात, बुटांच्या खोक्याएवढे; त्यातला एक घ्यावा, समोर मोठा मॉनिटर ठेवावा. खाणीत आयुष्यभर वाकून बसल्याने कोकेंची मान आधीच कामातून गेलेली, लॅपटॉपवर खाली बघत बसले तर उरलीसुरली जाईल. शिवाय त्यांनी आजवर कीबोर्डवर दुधाचा चहा कितीदा सांडला होता त्याला गणती नव्हती. "डब्याचा कीबोर्ड गेला तर दुसरा आणता येतो," ती म्हणायची. "लॅपटॉपमध्ये चहा गेला की लॅपटॉपच गेला."

येर्मेक अस्तानात राहायचा. त्याचं म्हणणं लॅपटॉप. लॅपटॉप असला की कोके थंडीत त्याच्याकडे येऊन राहतील.

"तुझी जुळी सांभाळायला माणूस हवाय, असं सरळ सांग की," बाल्झान म्हणाली.

"ताते," येर्मेक बहिणीला म्हणाला, "मी धाकटा मुलगा, बाप राहतो तो धाकट्याकडेच. बापाला घरी बोलावतोय. हा काय गुन्हा झाला?"

"गुन्हा नाही. पण मागच्या खेपेला आठवडाभरात पळून आले होते ते."

"कारण संगणक इथे राहिला होता!"

बाल्झानचा नवरा साकेन या भानगडीत पडत नव्हता. "घेऊन टाका काहीतरी," एवढंच म्हणायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा.

खरी गंमत, म्हणजे खरा वैताग, दुकानात सुरू झाला. येगोर नावाचा दाढीवाला विक्रेता होता, मन लावून समजावणारा. त्याने पहिल्याच दिवशी काउंटरवर डबा आणि लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले.

"हे बघा, आजोबा. ग्राफिक कार्डाचं नाव दोन्हीकडे एकच आहे. पण लॅपटॉपमध्ये ते पातळ अंगात कोंबलेलं असतं, तापतं, तापलं की दमानं चालतं. डब्यातलं मोकळा श्वास घेतं. उद्या काही बिघडलं तर डबा उघडून तेवढंच बदलता येतं. पण डब्याला मॉनिटर लागतो, कीबोर्ड लागतो, भिंतीतली वीज लागते. लॅपटॉप मिटला की तुम्ही निघालात."

तोलेगेननी खेळ लावून बघितला. डब्यावर खूष झाले. लॅपटॉपवर खेळले तेव्हा आतला पंखा असा घोंघावला की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. बाल्झानला वाटलं, संपलं एकदाचं. तर म्हाताऱ्याने लॅपटॉपच्या चार्जरची वीट उचलली आणि बाजारात खरबूज तोलतात तशी हातावर तोलली.

"हे बॅगेत कुठे ठेवायचं?"

"कुठल्या बॅगेत, कोके? बाजार आणि हमाम सोडून तुम्ही जाता कुठे?"

"विचारलं, एवढंच."

"आणि हा डबा बॅगेत मावेल का?" त्यांनी येगोरला विचारलं.

येगोरने आपलीच पाठीवरची बॅग रिकामी करून डबा आत घालून दाखवला. "घ्या. मावला."

"मावतो खरा." तोलेगेन विचारात पडले. "पण माणूस असा डबाबिबा घेऊन दारात उभा राहिला म्हणजे कसं दिसतं..."

"कुणाच्या दारात?" बाल्झान म्हणाली.

"कुणाच्या नाही. विचार करून सांगतो."

येगोरने बाल्झानकडे बघितलं. बाल्झानने छताकडे बघितलं.

ती दोघं त्या दुकानात इतक्यांदा गेली की शेवटी शेवटी येगोर त्यांना बघून आत चहा सांगायचा. दर खेपेला तेच यंत्र, तेच प्रश्न, आणि घरी परत जाताना बसमध्ये "मी विचार करतो". घरी पोचेपर्यंत येर्मेकचा फोन, "काय ठरलं?" बाल्झानला स्वप्नात पंखे घोंघावायला लागले. लॅबमध्ये तिने एका बाईची कवळी उलट्या चाव्याची केली, म्हणजे ती बाई जेवताना बुलडॉगसारखी दिसली असती. नशीब डॉक्टरच्या वेळेवर लक्षात आलं. त्या दिवशी बाल्झानने हात टेकले. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, एकटीच दुकानात गेली आणि डबा, मॉनिटर, कीबोर्ड असं सगळं उचलून आणलं.

"आजोबांनी ठरवलं?" येगोरने विचारलं.

"मी ठरवलं," बाल्झान म्हणाली.

बापाच्या घराच्या पायऱ्या चढता चढता तिचा जीव गेला. बाहेर कोळशाने काळा पडलेला बर्फ, आणि इमारतीची लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद. दार उघडल्यावर तोलेगेननी खोकी पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. आनंद झाल्याचं नाटकही त्यांना जमलं नाही.

"डबा आणलास?"

"डबा आणला. वाढदिवसाच्या शुभेच्छा."

"परत कर, पोरी."

"का?"

"मी लॅपटॉपवर आलो होतो."

"कधी?"

"आज सकाळी."

बाल्झानने अंगातला कोटही काढला नाही. खुर्ची ओढली, तारा जोडायला लागली, आणि तोंडाने तिचा पट्टा सुरू झाला. महिनाभर मी तुमच्यामागे वणवण केली. त्या बिचाऱ्या येगोरची दाढी पिकायची वेळ आली. तुम्हाला मान वळवता येत नाही, चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि हवाय तो मांडीवरचा लॅपटॉप. का? कुठे जायचंय तुम्हाला? चंद्रावर? तोलेगेन पलंगाच्या कडेला बसून गुडघे चोळत ऐकत राहिले. त्यांचं हे गप्प बसणंच तिला जास्त चिडवत होतं. खेळ उतरवून होईपर्यंत ती बोलतच होती.

"आता बसा इथे," ती म्हणाली. "एक लढाई खेळा. नाही आवडलं तर मी माझ्या हाताने खिडकीतून फेकून देते."

तोलेगेन नाइलाजाने बसले. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. हेडफोन अजून खोक्यातच होते, त्यामुळे मॉनिटरच्या स्पीकरमधून खोलीभर एका बाईचा खणखणीत आवाज घुमला.

"आले का तोलेके! जिवंत आहात म्हणायचं! मग, घेतलात लॅपटॉप? तिकीट काढा बघू आता. तळ्यावर बर्फ पक्का बसलाय, मासा सुंदर लागतोय—"

तोलेगेन आवाज कमी करायला धडपडले आणि त्यांच्या हातून तो वाढला.

"—आणि खिडकीत वारा येतो म्हणून तुमचा पलंगही मी भिंतीकडे सरकवून ठेवलाय!"

शेजारच्या घरातही ऐकू गेलं असावं. बाल्झान बापाच्या खांद्यावरून मॉनिटरकडे वाकली.

"नमस्कार, अपा. मी बाल्झान बोलतेय. यांची मुलगी."

पलीकडून तोच आवाज जरा खाली येऊन म्हणाला, "बरं बरं. बाल्झान. दातांच्या लॅबमधली. तुझ्या पाठीचं दुखणं कसं आहे आता, पोरी? तोलेके म्हणत होते, दिवसभर वाकून काम असतं."

या बाईला तिच्या पाठदुखीपर्यंत सगळं ठाऊक होतं, आणि तिला या बाईचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

"नंतर बोलू," तोलेगेन पुटपुटले आणि त्यांनी सरळ भिंतीतला प्लगच उपटला.

स्वयंपाकघरात चहा झाला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मग तोलेगेननी हळूहळू सांगितलं. तिचं नाव उर्किया. बल्खाशला असते, तळ्याच्या काठी. तांब्याच्या कारखान्यात क्रेन चालवायची, आता निवृत्त. नवरा वारला, मुलगा परदेशी. मोठे रणगाडे चालवते आणि चांगले चालवते. दोघं एकाच तुकडीतून लढतात, बरीच वर्षं झाली. ती कधीची म्हणतेय, या पंधरा दिवस. पण तिच्याकडे यंत्र एकच.

"म्हणजे एकाने खेळायचं आणि दुसऱ्याने चहा करायचा," तोलेगेन म्हणाले. "ते काही बरं नाही. आपलं यंत्र आपण न्यावं."

"मग पहिल्या दिवशी लॅपटॉप म्हणायचं होतंत! डबा डबा कशाला केलंत मध्येच?"

"डबाच चांगला आहे ना, पोरी! चित्र बघितलंस त्याचं? लॅपटॉप कुठे, तो कुठे. आणि मध्ये एकदा वाटायचं, जाऊच नये. या वयात. मग डबा बरा." त्यांनी कपातल्या चहाकडे बघितलं. "आणि डबा घेऊन बाईच्या दारात उभं राहिलं, तर ती म्हणेल, हा बिऱ्हाड घेऊन आला. लॅपटॉपवाला माणूस पाहुणा दिसतो."

बाल्झानला हसू येत होतं आणि रागही जात नव्हता. "मला सांगितलं असतंत तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"आईचं मनात येईल तुझ्या, म्हणून नाही सांगितलं."

आलंच होतं मनात. त्याच स्वयंपाकघरात, त्याच खिडकीशी आई बाउर्साक तळायची. बाल्झानने मान दुसरीकडे वळवली.

"तुम्ही दोघं रोज फोन करता," तोलेगेन म्हणाले. "जेवलात का, गोळी घेतली का, टोपी घातली का. चांगलं आहे, करावं पोरांनी. पण ही बाई मला विचारते, डावीकडून का नाही गेलात. मूर्खासारखं टेकडीवर काय चढलात. गोळीचं नाही विचारत."

बाल्झानने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला आणि म्हणाली, "लॅपटॉप घेऊ."

येर्मेकला सांगणं तिच्याच वाट्याला आलं. फोनवर त्याचा आवाज चढला. "कुठली बाई? बल्खाशची? ताते, लोक काय म्हणतील? अस्तानाला यायला बापाला जमत नाही आणि बल्खाशला परक्या बाईकडे राहायला जमतं?" मागून त्याची बायको मोठ्याने हसल्याचं ऐकू आलं. त्याने फोनवर हात ठेवून तिला काहीतरी सुनावलं. परत बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "ताते, आमच्याकडे पण वेगळी खोली आहे ना त्यांना."

"आहे रे," बाल्झान म्हणाली. "पण तुला रणगाडा चालवता येत नाही."

दुसऱ्या दिवशी बापलेक डबा घेऊन दुकानात हजर. येगोरने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि काही न विचारता लॅपटॉप काढून ठेवला. आता सगळं उघड झालं होतं, लपवायचं काही उरलं नव्हतं. बाल्झानने पर्स उघडली. आणि तोलेगेननी परत करायच्या डब्यावरून हात फिरवला.

"काल थोडा वेळच लावला होता, पण काय स्पष्ट दिसत होतं," ते म्हणाले. "गवताचं पातं न् पातं. मी विचार करतोय..."

"नाही!" बाल्झान किंचाळली. सगळं दुकान वळलं. "तुम्ही विचार करायचा नाही! आजपासून तुम्हाला विचार करायला बंदी!"

"पोरी, लोक बघतायत."

"बघू देत! कोके, तुम्ही जमिनीखाली अंधारात गाडी चालवायचात, तिथेही प्रत्येक वळणावर असेच थांबत होतात का?"

"तिथे रूळ होते," तोलेगेन मानी आवाजात म्हणाले.

येगोरने हसू दाबायला दाढी खाजवली. बाल्झानने बापासमोर हात पसरला. "नंबर द्या. त्या बाईंचा नंबर द्या."

काउंटरवरच तिने फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. उर्किया अपांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "पोरी, त्यांना विचारलंस ना, तिथेच चुकलीस. लढाईतही हेच करतात. लॅपटॉप घे."

"उर्किया, तुम्ही मॉनिटर देत असाल तर डबाही चालेल की," तोलेगेन मधेच म्हणाले.

"तोलेके, स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुम्ही या, मासे खा, खेळा, बर्फावर फिरा. आणि मग घरी जा. एका नवऱ्याचं केलं मी चाळीस वर्षं, आता माझ्या टेबलावर दुसऱ्या कुणाचं यंत्र कायमचं नको. लॅपटॉप आणा."

बाल्झानला वाटलं तोलेगेनना लागलं. थोडं लागलंही असावं, कारण त्यांनी टोपी काढली आणि उगाच परत घातली. पण मग त्यांचे खांदे खाली आले, एखादं ओझं कुणी काढून घ्यावं तसे.

"बाई सरळ आहे," ते येगोरला म्हणाले. "बांधून द्या."

ते गेले. बाल्झानने त्यांच्याबरोबर घोड्याच्या मांसाच्या कझी सॉसेजचं मोठं वेटोळं, कुर्त म्हणतात त्या वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी आणि मानेचा पट्टा दिला. पंधरा दिवस त्यांच्या तक्रारी फोनवरून येत राहिल्या. लॅपटॉप तापतो. पंख्याच्या आवाजात उर्कियाचे हुकूम ऐकू येत नाहीत, मग ती ओरडते. पडदा केवढासा, शत्रू मुंगीएवढा दिसतो. "डबाच घ्यायला हवा होता," असं ते रोज म्हणत. बाल्झान फोन टेबलावर ठेवून कवळी घासत बसायची आणि अधूनमधून "हं" म्हणायची. पण या सगळ्या तक्रारींत गोळीचं, मानेचं, झोप न येण्याचं एक अक्षर नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. परत आले ते वाऱ्याने लाल झालेल्या गालांनी आणि सुक्या माशांचा वास मारणारी बॅग घेऊन. येर्मेकने मात्र अजून नीट बोलणं धरलं नव्हतं. दोन वाक्यं बोलून फोन जुळ्यांच्या हातात द्यायचा.

वसंतात, रस्त्यांवर नुसता चिखल असताना, उर्किया अपांचा फोन आला. बापाला नाही, थेट बाल्झानला. डोळ्यात मोतीबिंदू धरलाय, कारागांडात दाखवायचंय. एकट्या पुरुषाच्या घरी उतरणं बरं दिसत नाही, तेव्हा तुझ्याकडे चार दिवस येऊ का?

"या ना, अपा," बाल्झान म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई दारात उभी राहिली. खांद्यावर बाजारात मिळते तसली चौकड्यांची मोठी पिशवी. बूट काढून ती आत आली, साकेनला नमस्कार केला, आणि चहा व्हायच्या आत तिने जेवणाच्या टेबलावरची फुलदाणी उचलून खिडकीत ठेवली. मग पिशवीतून आधी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला मॉनिटर काढला, आणि त्यामागून बुटांच्या खोक्याएवढा एक काळा डबा.

"अपा, हे काय?" बाल्झानने विचारलं.

"माझं जुनं गेलं. तुझ्या बापाचे प्रश्न रोज ऐकून ऐकून मला सगळं पाठ झालं होतं. दुकानात गेले, हाच दे म्हटलं आणि घेऊन आले."

तासाभरात तोलेगेन लॅपटॉप काखेत मारून हजर झाले. तो छोटा काळा डबा त्यांनी पाहिला, खाली वाकून मागून पाहिला, बोटाने त्याची जाळी चाचपली. मग मुलीकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव बाल्झान ओळखून होती.

"पोरी," ते म्हणाले, "मी विचार केला—"

"बसा, तोलेके," उर्किया अपा पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "आणि या वेळी डावीकडून."

लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला. साकेनने टीव्हीचा आवाज वाढवला. टेबल यंत्रांनी भरून गेलेलं, तेव्हा ताटं कुठे मांडायची याचा विचार करत बाल्झान स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आणि शेवटी ती चौघांची जेवणं घेऊन आली आणि जमिनीवर सतरंजी अंथरायला लागली.